बेळगावचा सांबरा विमानतळ : धावपट्टी लांबली, विमानं का टिकत नाहीत?

शहापूरवाली

गेल्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन मुंबईला निघाले होते. वय अठ्ठ्याहत्तर, विमानात बसायची पहिलीच वेळ. नऊवारीच्या निऱ्या चुरगाळू नयेत म्हणून शहापूरपासून सांबऱ्यापर्यंत गाडीत सीटच्या काठावर बसून आल्या. पिशवीत नणंदेसाठी दोन किलो कुंदा. तपासणीच्या पट्ट्यावरून पिशवी आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. दोन किलो आटवलेला खवा पडद्यावर काळाकुट्ट गठ्ठाच दिसत असणार. शेवटी डबा उघडायला लावला. ती तपासणीवाली मुलगी उत्तरेकडची असावी, डब्यात डोकावून म्हणाली, "ये क्या है, आंटी?" सासूबाईंनी मराठीतच सांगितलं, "कुंदा आहे गं. खाऊन बघ, मग सोड." तिने खाल्ला नाही, पण हसून सोडलं.

आत जाऊन बसलो. बाहेर भुरभुर पाऊस, धावपट्टीच्या पलीकडची झाडं पुसल्यासारखी. येणारं विमान वेळेवर आलं, म्हणजे आवाज वेळेवर आला. ढगात घरघर ऐकू येत होती, विमान काही दिसेना. सगळा हॉल काचेला नाक लावून उभा. दोनदा आवाज जवळ आला, दोनदा लांब गेला, आणि मग बंदच झाला. थोड्या वेळाने सांगितलं, विमान परत गेलं, आजची फेरी रद्द. कंपनीचं नाव लिहीत नाही, ढग काही त्यांनी आणले नव्हते. पण पुढं काय करायचं हे सांगायला काउंटरवर एकच पोरगा होता आणि त्याला ऐंशी माणसांनी घेरलेलं. आम्ही कुंद्यासकट घरी आलो आणि रात्रीच्या स्लीपर बसने मुंबई गाठली. सासूबाईंचं मत असं पडलं की "विमानाचा आवाज ऐकला, तेवढं पुरे."

बसमध्ये झोप येईना, म्हणून या विमानतळाबद्दल सापडेल ते वाचत बसले. जे कळलं ते लिहिते, चुकलं तर इथले जाणते दुरुस्त करतीलच.

सांबरा काही आजकालचा नाही. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने तो बांधला. जपानी फौजा ब्रह्मदेशात आल्या होत्या, त्या आघाडीसाठी मागे कुठंतरी प्रशिक्षणाला आणि पाठबळाला सुरक्षित जागा हवी होती. उत्तर कर्नाटकातला हा सगळ्यात जुना विमानतळ. म्हणजे हुबळीचा झाला १९७४ साली, आपला त्याच्याआधी तीस-बत्तीस वर्षं. स्वातंत्र्यानंतर जागा भारतीय हवाई दलाकडे आली आणि नागरी विमानं त्यांच्या शेजारी कधी आली, कधी गेली.

धावपट्टी आधी १,८३० मीटर होती. म्हणजे पंख्याची एटीआर विमानं ठीक, मोठं जेट अवघड. मग राज्य सरकारने ३७० एकर जमीन दिली, धावपट्टी २,३०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद झाली, तीन मोठी विमानं उभी राहतील एवढा तळ झाला आणि १४ सप्टेंबर २०१७ ला नव्या टर्मिनलचं उद्‌घाटन झालं. सगळं मिळून १४१ कोटी. टर्मिनल ३,६०० चौरस मीटरचं, गर्दीच्या वेळी तीनशे प्रवाशांसाठी. जुनी इमारत ज्यांनी बघितली आहे त्यांना फरक कळेल. ती एखाद्या तालुका कचेरीएवढी होती.

आणि एवढं सगळं झाल्यावर, आठ महिन्यांत, विमानंच गेली. २०१८ च्या मे महिन्यात स्पाइसजेटने इथल्या फेऱ्या हुबळीला हलवल्या. कोरं करकरीत टर्मिनल, चकचकीत फरशी, आणि उडायला जवळजवळ काही नाही. जुलैमध्ये अलायन्स एअरचं बंगळूर विमान आलं तेव्हा जरा धुगधुगी आली.

माझा प्रश्न एवढाच आहे. आता आणखी मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झालीय. पण आपली अडचण इमारत होती का कधी? बसायला जागा नाही म्हणून बेळगावचा माणूस हुबळीला, कोल्हापूरला, गोव्याला जातो का? मला तरी वाटतं नाही.

---

मुतगेकर

छान लिवलंय वहिनी. सासूबाईंना नमस्कार सांगा.

आमचं शेत मुतग्यात, विमानतळाच्या अंगाला. खरीपाला भात, मागनं मसूर. ल्हानपणापासून विमानाच्या आवाजावर घड्याळ लावलंय. आमच्या बाबांची एक पद्धत होती. सकाळी बांधावर उभं राहायचं आणि येळ्ळूरचा राजहंसगड दिसतोय का बघायचं. गड दिसला तर विमान उतरणार. गड नाही पण बाळेकुंद्रीची पाण्याची टाकी दिसली तर घिरट्या मारून उतरणार. टाकीबी दिसली नाही तर म्हणायचे, "आज पावणं घरी जेवायला." पैज लावून सांगतो, दहातल्या आठ वेळा बरोबर यायचं.

३७० एकर सरकारने दिली असं लिवणं सोपं आहे. सरकार जमीन पिकवत नाही, कुणाची तरी घेऊनच देतंय. आमच्या भाऊबंदातली दोन घरं त्यात गेली. एकानं आलेल्या पैशात टिळकवाडीत फ्लॅट घेतला, तो बरा आहे. दुसऱ्यानं ट्रक घेतला. त्याचं विचारू नका.

आजोबा सांगायचे ते एकच, गोव्याच्या वेळचं. थंडीचे दिवस, पहाटेपासून गडगडाट, आणि एकामागनं एक जेट पश्चिमेला. जनावरं दावं तोडून पळाली म्हणे. हे खरं की आजोबांचं मीठमसाला, जाणकारांनी सांगावं.

---

निवृत्त_सार्जंट

मुतगेकर, तुमच्या आजोबांनी मीठ घातलं नव्हतं.

१८ डिसेंबर १९६१. गोवा मुक्तीची मोहीम, ऑपरेशन विजय. पुण्याहून कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं दाबोळीवर गेली आणि आपल्या सांबऱ्याहून १७ नंबरच्या स्क्वाड्रनची सहा हंटर विमानं बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर. ते केंद्र म्हणजे पोर्तुगीजांचा लिस्बनशी बोलायचा घसा. तोच आवळला. दाबोळीला धावपट्टी उखडली, पण टर्मिनलची इमारत मुद्दाम राखली. मोहीम दीड-दोन दिवसांत आटोपली. जमिनीवरच्या फौजेची जमवाजमवही बेळगावातूनच झाली होती. सांबऱ्याच्या इतिहासात लढाईचं पान म्हणाल तर हेच. महायुद्धात इथं बांधकाम झालं, पण झुंज झाली ती ६१ ला.

मी स्वतः सांबऱ्यात घडलेला माणूस, आणि गंमत म्हणजे बेळगावचाच. भरती झाली तेव्हा आई रडली, लांब जाणार म्हणून. आदेश हातात आला, तर एअरमेन ट्रेनिंग स्कूल, बेळगाव! घरापासून बारा किलोमीटर. पण गेटच्या आत गेलो की बेळगाव संपलं. पंजाबी, बिहारी, मल्याळी, ओडिया, एका बराकीत सगळा देश. पहाटे पीटी, मग परेड, मग वर्ग, मग पुन्हा परेड. पहिले सहा आठवडे बाहेर सोडत नव्हते. रविवारी तारेच्या कुंपणापलीकडून बाळेकुंद्रीच्या बसचा हॉर्न ऐकू आला की पोटात तुटायचं. हवाई दलात अधिकारी नसलेला जो जवान आहे, तंत्रज्ञ असो की कारकून, त्याच्या नोकरीची सुरुवात बहुतेक या मातीत झालेली असते. आता अग्निवीरही इथंच शिकतात. देशभरात कुठंही गेलो आणि गाव विचारलं की समोरचा म्हणतो, "अरे, बेळगाव! सांबरा!" तुमचा कुंदा प्रसिद्ध आहे वहिनी, पण त्याहून सांबऱ्याची परेड जास्त लोकांच्या लक्षात आहे.

आता ढगाचं. धावपट्टीचं नाव ०८-२६. म्हणजे एका टोकाने उतरलं तर नाक साधारण ८० अंशांवर, पूर्वेला, आणि दुसऱ्या टोकाने २६० वर, पश्चिमेला. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमान मारिहाळ-बाळेकुंद्रीच्या अंगाने खाली येतं आणि मुतग्याच्या अंगाला वर चढतं. उतरताना वैमानिकाला एक ठरलेली उंची असते. तिथवर येऊन धावपट्टी नजरेला पडली नाही, तर विचार न करता वर जायचं. ती उंची किती हे जमिनीवर कोणती उपकरणं आहेत त्यावर ठरतं. उपकरण जितकं चांगलं तितकं खाली येता येतं. दोनदा प्रयत्न करून परत गेला तो वैमानिक शहाणा. त्याला दोष देऊ नका.

---

मुतगेकर

काका, म्हणजे बाबांची पाण्याची टाकी हे बी एक उपकरणच की ओ!

---

निवृत्त_सार्जंट

आमच्या काळातल्या निम्म्या उपकरणांपेक्षा बरं.

---

उद्यमबाग_फाउंड्री

धागा भावनिक होऊ लागलाय, म्हणून थोडं धंद्याचं.

माझी ओतकामाची छोटी फाउंड्री. महिन्यातून दोनदा पुणे किंवा चेन्नईला गिऱ्हाईक, वर्षातून दोनदा दिल्ली. विमानतळावर मला काय हवंय? एरोब्रिज नको, मसाज खुर्ची नको, तीनशेच्या जागी बाराशे माणसांची इमारत तर नकोच. मला हवं सकाळी सातला सुटणारं आणि रात्री आठला परत आणणारं विमान. एका दिवसात काम करून घरी. ते नसेल तर मी विमानाने जाणारच नाही, कारण हॉटेलची रात्र वाढते. दुपारी बाराला मुंबईला जाणारं विमान हे धंदेवाल्यासाठी नसतं, ते विमान दुसरीकडून रिकामं झालंय म्हणून आपल्याकडे पाठवलेलं असतं.

गिऱ्हाईक इकडे येतं तेव्हाही तेच. हत्तरगीला एकस कंपनीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात एअरबसला लागणारे भाग बनतात. बघा गंमत, विमानाचे भाग बेळगाव जिल्ह्यात बनतात आणि ते बघायला येणारा परदेशी माणूस गोव्यात उतरून घाटातून गाडीने येतो. चोर्ल्याच्या रस्त्यावर त्याची कंबर मोडली की मग आमचं प्रेझेंटेशन बघतो.

---

निपाणीकर

आमच्या निपाणीचं सांगतो. जिल्हा बेळगाव, पण विमान म्हटलं की कोल्हापूर. हायवेला गाडी लावली की उजळाईवाडीचा विमानतळ पाऊण तासात. सांबऱ्याला जायचं तर दुप्पट अंतर आणि वर बेळगाव शहर ओलांडायचं. चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज सगळ्यांचा हिशोब असाच.

आणि जुनेपणाची फुशारकी मारत असाल तर कोल्हापूरचा विमानतळ १९३९ चा आहे, राजाराम महाराजांनी बांधलेला. तुमच्याआधी तीन वर्षं. ब्रिटिशांनी नव्हे, छत्रपतींनी!

---

शहापूरवाली

निपाणीकर, मी "उत्तर कर्नाटकातला जुना" असं लिहिलं होतं, चष्मा पुसा. 🙂 पण मुद्दा एकदम बरोबर, आणि मला तोच म्हणायचा होता. उत्तरेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर कोल्हापूर, दक्षिणेला शंभरावर हुबळी, पश्चिमेला घाट उतरला की गोव्याचा नवा मोपा विमानतळ. ५ जानेवारी २०२३ ला मोपा सुरू झाल्यापासून खानापूरकडचे कितीतरी लोक तिकडेच वळलेत. म्हणजे नकाशावर जिल्हा केवढा, आणि सांबऱ्याच्या वाटणीला येतो तो मधला तुकडा. बेळगाव शहर, बैलहोंगल, गोकाक आणि महाराष्ट्रातलं चंदगड.

---

चंदगडची_पोर

चंदगडची आठवण काढल्याबद्दल आभार. आमचं राज्य महाराष्ट्र, दवाखाना बेळगाव, कॉलेज बेळगाव, लग्नाचा बस्ता बेळगाव, विमानही बेळगाव.

मी नोकरीला हैदराबादला, त्यामुळे सांबरा पाठ आहे. सोयींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. टर्मिनल छोटं आहे आणि तेच त्याचं सुख. गाडीतून उतरल्यापासून आत जाऊन बसेपर्यंत वीस मिनिटं, गर्दी असली तर अर्धा तास. हैदराबादला तेवढा वेळ नुसता चालण्यात जातो. विमानापर्यंत पायीच जायचं, पाऊस असला तर मोठ्या छत्र्या देतात. एटीआर असेल तर मागच्या दाराने चढायचं, त्यामुळे पुढची सीट मिळाली म्हणून खूष होऊ नका, उतरताना तुम्ही शेवटी. एम्ब्रायरचं छोटं जेट असेल तर एका बाजूला एकच सीट असते, ती मागून घ्या. खिडकीही तुमची, वाटही तुमची.

वाईट काय? रात्री उतरलात तर गाव गाठायचं कसं. दिवसा बाळेकुंद्री-मारिहाळकडची बस हात केला की मिळते, रात्री टॅक्सीवाला म्हणेल तो भाव. एकदा बॅगा घेऊन मी एका दूधवाल्याच्या टेम्पोतून कुडचीपर्यंत आलेय. हैदराबाद ते बेळगाव विमान, बेळगाव ते कुडची म्हशीचं दूध.

---

आकडेमोड

मूळ प्रश्नाला कुणी हात घातला नाही, विमानं का टिकत नाहीत. उत्तर "उडान" योजनेच्या रचनेत आहे, म्हणून जरा खोलात जातो.

योजना अशी. ज्या गावाला विमान नाही किंवा फारच थोडं आहे तिथं जो मार्ग सुरू करेल त्या कंपनीला सरकार तूट भरून देणार. त्या बदल्यात निम्म्या जागा स्वस्त द्यायच्या, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला २,५०० रुपयांची मर्यादा. इंधनावरचा कर कमी, विमानतळाचे आकार माफ, आणि तीन वर्षं त्या मार्गावर दुसरा स्पर्धक नाही.

आता २०१८ साली काय झालं बघा. बेळगावला आधीच विमानं होती, चांगली भरत होती. म्हणून आपण "गरजू" ठरलो नाही. हुबळी योजनेत बसलं. मग कंपनीने साधा हिशोब केला. तेच विमान शंभर किलोमीटर दक्षिणेला नेलं तर अनुदान मिळतं, इथं ठेवलं तर नाही. कुणीही तेच केलं असतं. म्हणजे ज्याच्या घरात दाणे होते त्याचंच रेशनकार्ड कापलं.

ओरड झाल्यावर २०१९ च्या जानेवारीत तिसऱ्या फेरीत बेळगाव योजनेत आलं आणि एकदम तेरा मार्ग मिळाले. मग बघा चित्र पालटलं. मुंबई, अहमदाबाद, इंदूर, सुरत, नाशिक, तिरुपती, कडप्पा, म्हैसूर. अजमेरजवळच्या किशनगडलाही इथून थेट विमान होतं, हे आता सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. स्टार एअरने तर इथं जवळजवळ घरच केलं.

पण घड्याळ तीन वर्षांचं. अनुदान संपलं की मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. मुंबई राहते, बंगळूर राहतं. पन्नास सीटच्या जेटने सुरत-किशनगड पूर्ण भाड्यात चालवणं अवघड. हे फक्त आपलं रडगाणं नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये उडानचा हिशोब तपासला. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नव्हते. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण केली ११२ नी. आणि त्यानंतरही चालू राहिले फक्त ५४. शंभरात सात.

तेव्हा शहापूरवाली, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की इमारत ही अडचण नव्हती. पण विमान कुठल्या गावाला जाईल हे गावातले प्रवासी ठरवत नव्हते, अनुदानाचं पत्र ठरवत होतं.

---

उद्यमबाग_फाउंड्री

रेशनकार्डाची उपमा चोरतोय, चेंबरच्या बैठकीत वापरणार.

एक भर. अनुदान नसतानाही टिकणारी गिऱ्हाइकी इथं आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात इंडिगोने दिल्ली सुरू केली ती काही दयेवर नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं, हवाई दल इथं, कमांडोंचं प्रशिक्षण इथं, त्यामुळे फौजी माणूस सारखा ये-जा करतो. मेडिकल आणि इंजिनिअरिंगची पोरं उत्तरेतली. दिल्लीच्या विमानात मी गेलो तेव्हा माझ्या रांगेत एक सुभेदार, एक डॉक्टरकीची पोरगी आणि मी लोखंडवाला.

---

गोवावेस_कट्टा

सगळं ठीक, पण नावाचं काय? २०२३ च्या डिसेंबरात इथल्याच सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधानसभेने ठराव केला, बेळगाव विमानतळाला कित्तूर राणी चन्नम्मांचं नाव आणि हुबळीला संगोळ्ळी रायण्णांचं. आणि फलक बघितलेत का? कन्नड, हिंदी, इंग्रजी. ज्या गावात निम्मे प्रवासी घरात मराठी बोलतात

---

संपादक

गोवावेस_कट्टा, तुमच्या प्रतिसादाचा उरलेला भाग सीमाप्रश्नाच्या धाग्यावर हलवला आहे. तिथं ४१२ प्रतिसाद झालेत, तुम्हाला एकटं वाटणार नाही. इथं विमानं.

---

खानापूर_जंगल

संपादकांची परवानगी गृहीत धरून नावाबद्दल एकच ओळ. चन्नम्मांनी १८२४ साली इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या लढाईत पाडला आणि रायण्णांना १८३१ साली फाशी दिलं ते आमच्या नंदगडात. नंदगडच्या आठवडी बाजाराला आम्ही मराठीच बोलतो आणि त्या समाधीलाही जातो. नावावर भांडायला मला तरी कारण दिसत नाही. फलकावर चौथी ओळ मागायला मात्र हरकत नाही.

आता विमानं. खानापूरहून मी पुण्याला जाताना हल्ली रेल्वेच बघतो. २०२४ च्या सप्टेंबरापासून पुणे-हुबळी वंदे भारत बेळगाववरून जाते. पुण्याला विमान घ्यायचं म्हणजे दीड तास आधी सांबऱ्यात, लोहगावला उतरून पुन्हा शहरात तासभर. गाडी थेट पुणे स्टेशनात सोडते. तीनशे-चारशे किलोमीटरच्या पट्ट्यात विमानाचा खरा शत्रू दुसरं विमान नाही, चांगली रेल्वे आहे.

---

मुतगेकर

आमच्या डोक्यावर मात्र विमानांची कमी नाही ओ. तुम्ही मोठी विमानं मोजूलालाय. दोन सीटची, चार सीटची प्रशिक्षणाची विमानं दिवसभर भिरभिरतात. सकाळी मसुराला पाणी सोडायला गेलो की शिकाऊ पोरगं उतरूलालंय, टेकूलालंय, परत उठूलालंय. एकदा मोजलं, भाकरी खाऊन होईपर्यंत सात वेळा.

---

आकडेमोड

बरोबर, ते राहिलंच. विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये वैमानिक प्रशिक्षणासाठी पाच विमानतळ निवडले. बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि आसामातलं लीलाबारी. निवडीचं कारण ऐकून हसू येईल. जिथं मोठ्या विमानांची वर्दळ कमी आणि हवा बरी तिथं शिकाऊंना आकाश मोकळं मिळतं. आपली विमानं गेली, त्याचाही कुणाला तरी उपयोग झाला.

---

निवृत्त_सार्जंट

हवा बरी हे खरं. समुद्रसपाटीपासून ७५८ मीटर, उन्हाळ्यातही इतर ठिकाणांसारखी भट्टी नाही. पण उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे विमानाला उडायला जास्त पळावं लागतं. म्हणून १,८३० ची २,३०० मीटर झाली त्याला मी इमारतीपेक्षा जास्त किंमत देतो. टर्मिनलला फुलं वाहतात, धावपट्टीला कुणी वाहत नाही. पण खरा विमानतळ ती आहे.

एक सांगायचं राहिलं. आमच्या वेळी गावातली म्हातारी माणसं विमानतळ म्हणत नसत, "एरोड्रम" म्हणत. बसमध्ये कंडक्टरला "एरोड्रमचं एक तिकीट" म्हणणारा म्हातारा दिसला की समजायचं, हा ब्रिटिशांच्या वेळचा मजूर. माझ्या आईचे मामा त्यातले. खडी फोडायला होते. त्यांच्या हातावरची खूण त्यांनी मला दाखवलेली आठवते, घण निसटून लागलेली. पगार किती मिळायचा विचारलं तर म्हणायचे, "रॉकेल मिळायचं."

---

शहापूरवाली

सार्जंटकाका, रॉकेल मिळायचं हे वाचून थांबलेच जरा.

निपाणीकर, १० मार्च २०२४ ला एकाच कार्यक्रमात कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं उद्‌घाटन झालं आणि बेळगाव, हुबळी, कडप्पा या तिघांच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी. तिन्ही मिळून ९०८ कोटी. म्हणजे कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असे शंभर-शंभर किलोमीटरवरचे आपण तिघेही शेजारी एकाच वेळी मोठी घरं बांधतोय आणि पाहुणे तेवढेच. तुम्ही उजळाईवाडीला जा, आम्ही सांबऱ्याला जातो, मुंबईचं विमान कुणाकडे राहतं बघू.

उद्यमबागवाले, सकाळी सातचं विमान मागायला तुमच्या चेंबरने निवेदन दिलं तर त्यावर माझीही सही घ्या. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ऑक्टोबरचं हवं असेल तर आत्ताच हलायला हवं. दिवाळीत निवेदन देऊन उपयोग नाही.

आणि मुतगेकर, एक काम आहे. सासूबाई मुंबईहून उद्या परत येतायत. बसने नको म्हणाल्या, विमानानेच. "आवाज ऐकला, आता बसून बघते," म्हणे. दुपारी उतरायचं आहे. सकाळी शेतावर गेलात की जरा बघून कळवाल का?

---

मुतगेकर

कळवतो की वहिनी.

---

मुतगेकर

सकाळचे साडेनऊ. रात्रभर पाऊस. राजहंसगड नाही. टाकी अर्धी दिसतेय, वरची अर्धी. वारा सुटलाय पश्चिमेचा, ढग पळूलालेत.

---

निवृत्त_सार्जंट

अर्धी टाकी चालेल. दुपारपर्यंत उघडेल.

---

मुतगेकर

पावणेबारा. टाकी पूर्ण. शिकाऊ पोरं बी उडूलालीत. वहिनी, गाडी काढा.